डाव्या चाकाची करकर

दानेश्वरीची गाडी खजुरी गावात शिरायच्या आधी तिचा आवाज शिरायचा. कर्रर्र, कुईं. कर्रर्र, कुईं. बसवण्णाच्या देवळाच्या कट्ट्यावर बसलेली रिकामटेकडी मंडळी मान न वळवताच सांगायची, "आली बगा दानम्मा." मग हसायची. रिकाम्या माणसाला हसायला कारण लागत नाही, पण आयतं मिळालं तर तो सोडतही नाही.

पाच महिने हे चाललं होतं. सात सीटची जुनी पांढरी गाडी, इंजिन ठणठणीत, ब्रेक चोख, आणि मागून हा आवाज. रोज सकाळी साडेसातला सहा मुलींना घेऊन दानेश्वरी निघायची, आळंदवरून कडगंचीला विद्यापीठात सोडायची आणि संध्याकाळी परत आणायची. त्यातल्या दोघींचं शिक्षण बसच्या वेळा जमेनात म्हणून सुटलंच होतं. 'दानम्मा चालवती, म्हणून धाडायलोत,' असं त्यांच्या बापांनी स्वच्छ सांगितलं होतं. आता तेच बाप विचारायला लागले होते, 'आक्का, गाडी मोडणार तर न्हाई न्हवं?'

गाडी तिच्या नवऱ्यासाठी घेतलेली. सासऱ्यांनी, म्हणजे बसवंतप्पांनी, शेवटची बैलजोडी आणि बैलगाडी विकून ती आणली आणि धाकट्या मुलाच्या, अमरेशच्या, हातात किल्ली दिली. अमरेशनं आठ महिने भाडी मारली आणि मग हैदराबादला क्रेन चालवायला निघून गेला. गाडी गोठ्यात, बैलगाडीच्याच जागी, धूळ खात उभी राहिली. दानेश्वरीनं ती धूळ स्वतः पुसली, तुरीच्या मोकळ्या रानात गाडी शिकली, कलबुर्गीला जाऊन लायसन काढलं. याला चार वर्षं झाली. घरच्यांना विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर 'न्हाई' म्हणाले असते.

थोरल्या दिराला, महेशकुमारला, ते तेव्हापासून सलत होतं. त्याचं खताचं दुकान, गावात ऊठबस, आणि घरची सून स्टेरिंगवर. एरवी बोलायला जागा नव्हती. या आवाजानं ती मिळाली.

एका रविवारी अंगणात सगळे बसले असताना त्यानं विषय काढला.

"किती दिस ऐकायचं हे? दुकानात येणारा जाणारा इचारायलाय, तुमची गाडी रडायली कामून म्हणून."

"रडंना काही," दानेश्वरी म्हणाली. "मागं काही तरी घासायलंय."

"कामून घासायलंय? भीमण्णा मिस्त्रीनं तीन डाव काम केलं. तिन्ही डाव परत तेच. गाडी खराब न्हाई, हात खराब हाय." हे तो तिच्याकडे न बघता, सुपारी कातरत म्हणाला. "चिटगुप्प्याचा एक माणूस गाडी घेतो म्हणायलाय. येळवशीला सकाळी यायलाय. तवर आवाज गेला तर ठेव तुझी गाडी. न्हाई गेला तर अप्पा सही करतेत."

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी या भागात गावं ओस पडतात आणि शेतं माणसांनी भरतात. ती बारा दिवसांवर आली होती.

गाडी अप्पांच्या नावावर होती, म्हणून सगळे अप्पांकडे बघायला लागले. शहात्तर वर्षांचे बसवंतप्पा खांबाला टेकून बसले होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, त्यातला मधला अर्ध्यातच तुटलेला. तरुणपणी बैलगाडीच्या चाकात सापडून उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर गेलं होतं, तेव्हापासून त्यांचा मधला पट्टा कधी पुरा उमटला नाही. ते उठले, तांब्या घेतला आणि परसात गेले.

त्यांचं असं उठून जाणं दानेश्वरीला दिराच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. चार वर्षांत अप्पा एकदाही तिच्या गाडीत बसले नव्हते. आळंदला जायचं झालं तर फाट्यावर बसची वाट बघत उभे राहायचे आणि ती समोरून गेली की दुसरीकडे बघायचे. त्यांनाही आपलं चालवणं पसंत नाही, हे तिनं केव्हाच मनाशी धरून टाकलं होतं.

"ठीक हाय," ती महेशकुमारला म्हणाली. "येळवशीच्या आत आवाज काडते. पर काडला तर भावजी, तुमी सोता कट्ट्यावर सांगायचं, दानेश्वरीचा हात खराब न्हवता म्हणून."

"सांगतो की," महेशकुमार हसला. "लाऊडस्पीकर लावून सांगतो."

संध्याकाळी अमरेशचा फोन आला. 'दादा म्हणतो तसं कर,' एवढंच त्यानं सांगितलं. एवढ्या उंच क्रेनवर बसून या माणसाला दादाच्या पलीकडचं काही दिसत नाही, याचा तिला राग आला आणि तिनं फोन कट केला.

दुसऱ्या दिवशी मुलींना कडगंचीला सोडून येताना ती आळंदला भीमण्णाच्या गॅरेजवर थांबली. या गाडीला मागच्या चाकांवर लोखंडी पाट्यांच्या जुड्या आहेत. पाट्याच्या टोकाला गोल डोळा, डोळ्यात रबराचं बुश आणि त्यातून जाणारा बोल्ट. रबर धड असेपर्यंत लोखंडाला लोखंड लागत नाही. रबर गेलं की गाडी बोलायला लागते. भीमण्णानं तिन्ही वेळा मागच्या डाव्या चाकाची बुशं बदलली होती.

"आक्का, आता मी काय करू?" तो म्हणाला. "चांगला माल घालायलो. महिन्यात तुमी खाऊन टाकायलाव. ब्रेकर आला की हळू घ्यावं लागतंय."

"मी ब्रेकरला गाडी उडवते, हे तुमी बगितलाव?"

"बगितलो न्हाई. पर बायामान्सं…"

"बायामान्सं काय?"

भीमण्णानं पाना उचलला आणि दुसऱ्या गाडीखाली बघायला लागला.

"मला एवढं सांगा," दानेश्वरी म्हणाली. "मी खड्ड्यात घालते, ब्रेकरवर उडवते. मंग उजवं चाक कामून वाजंना? खड्डा काय फकस्त डाव्या अंगानं पडतो काय?"

"लॉरीला साईड देताना डावं चाक खाली उतरतंय न्हवं."

"साईड सगळेच देतेत. सगळ्यांच्या गाड्या वाजतेत का?"

कारण सापडेना की मिस्त्री मालाला दोष देतो. "डुप्लिकेट आलं आसंल," तो म्हणाला. तिनं कोपऱ्यातल्या डब्यातून आपल्या गाडीचं मागच्या खेपेचं बुश शोधून काढलं. ते दह्यात भिजत पडलेल्या वड्यासारखं फुगलं होतं, दाबलं की बोट आत जात होतं. नव्या रबराचं महिन्यात असं का व्हावं, ते तिला कळेना. तिनं ते कागदात गुंडाळून डॅशबोर्डात टाकलं. आता दुसऱ्याच्या कानांवर विसंबायचं नाही, एवढं ठरवून ती निघाली.

त्या दिवसापासून तिनं दोन कामं केली. पहिलं म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरवर, मागच्या महिन्यांचं आठवून आणि मुलींना विचारून विचारून, ज्या दिवशी आवाज आला त्या तारखेवर टिकली मारली. मुलींच्या लक्षात तारखा चांगल्या राहतात, कुणाला परीक्षेच्या दिवशीचा आवाज आठवला, कुणाला मैत्रिणीच्या वाढदिवसाचा. टिकल्या मारून झाल्यावर दिसलं ते असं, की नवं बुश बसवल्यानंतरचे दिवस सोडले तरी दर महिन्यात अमावास्येनंतर चार-पाच दिवस कोरे होते.

सासूबाईंनी, पार्वतम्मांनी, ते बघून हात जोडले. त्या दर अमावास्येला गाडीच्या पुढं लिंबू-मिरची बांधायच्या. "बगितलीस? लिंबू बांदलं की गप्प बसती. कुणाची तरी नजर हाय."

महेशकुमारच्या तोंडून तर 'करणी' हाही शब्द आला.

"करणी असती तर अमावास्येला वाढली असती," दानेश्वरी म्हणाली. "ही कसली करणी, जी अमावास्येची सुट्टी घेती?"

दुसरं काम म्हणजे कान देणं. ती रेडिओ लावेना, मुलींना बडबडू देईना. असंच एकदा आळंदच्या अलीकडं पाण्याचा पाईप फुटून रस्त्यावर गुडघाभर डबकं साचलं होतं. गाडी त्यातून बाहेर आली आणि आवाज बंद. दीड-दोन किलोमीटर चिडीचूप. मग हळूहळू कर्रर्र, कुईं. दानेश्वरीनं गाडी कडेला घेतली आणि दोन मिनिटं नुसती बसून राहिली. मागच्या सीटवरच्या मुलीला वाटलं, आता ही रडते. ती रडत नव्हती, तिला खूण सापडली होती.

येळवशीला तीन दिवस उरले होते. दुपारी घरात पुरुषमाणूस कुणी नव्हतं. तिनं गाडी अंगणात आणली, बादली भरून ठेवली आणि सासूबाईंना बोलावलं.

"आव्वा, मागच्या बंपरवर बसा आन वर खाली हला."

"येडी झालीस काय? माझं वजन बगितलीस का?"

"त्याच्यासाटीच बलावले."

पार्वतम्मांनी इकडे तिकडे बघितलं, पदर खोचला आणि बसल्या. सुरुवातीला लाजत लाजत, मग गंमत वाटायला लागल्यावर चांगल्या दणक्यात. गाडी खाली वर व्हायला लागली. कर्रर्र, कुईं. दानेश्वरी तांब्यानं एकेका सांध्यावर पाणी ओतायची आणि ऐकायची. उजव्या बाजूला पाणी, आवाज तसाच. शॉकअपच्या बोल्टवर पाणी, तसाच. डाव्या पाट्याच्या पुढच्या टोकावर पाणी, तसाच. डाव्या पाट्याच्या मागच्या टोकावर तांब्या ओतला आणि आवाज गपकन थांबला.

"गेला की गं!" पार्वतम्मा बंपरवरून ओरडल्या. "लिंबाबिगर गेला!"

पाणी पडलं की घटकाभर गप्प. अमावास्या झाली की चार दिवस गप्प. दानेश्वरीनं दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या. म्हणजे अमावास्येला त्या सांध्यावर कुणी तरी काही तरी ओतत होतं.

तिनं पोतं अंथरलं, मोबाईलचा उजेड लावला आणि गाडीखाली शिरली. सांध्याभोवती काळा चिकट थर होता. बोट लावून तिनं वास घेतला. करडीचं तेल आणि चुलीची काजळी. चिंधीनं तिनं तो थर पुसत नेला. पाटा जिथं गाडीला टांगलेला असतो त्या लोखंडी पट्टीवर, बाहेरून कुणाला दिसणार नाही अशा जागी, पांढरं काही तरी उमटलेलं होतं. विभूतीचे तीन पट्टे. मधला अर्ध्यातच तुटलेला.

पोत्यावर पाठ टेकून ती तशीच पडून राहिली. वरून सासूबाई विचारत होत्या, 'दिसलं का काही?'

"न्हाई," शेवटी ती म्हणाली. "अजून बगायले."

मग ती गोठ्यात गेली. खुंटीला बांबूचं एक नळकं लटकत असायचं. बैलगाडीच्या काळात त्यात वंगण ठेवायचे, आखाला घालायला. बैल गेले, गाडी गेली, नळकं तेवढं राहिलं, असंच सगळे समजत होते. तिनं ते काढून तिरकं केलं. ते काठोकाठ भरलेलं होतं. गोठ्यात गाडीची उजवी बाजू गव्हाणीला चिकटून असते, खाली शिरायला जागा फक्त डावीकडून. फक्त डावंच चाक का वाजतं, याचं उत्तर असं समोर उभं राहिलं. काखेत कळसा आणि ती आळंदला वळसे घालत होती.

तिला आधी संताप आला. पाच महिने गाव हसलं, दिरानं हात खराब म्हटलं, आणि ज्यांच्या हातानं हे झालं ते खांबाला टेकून गप्प बसले. मग गव्हाणीवर बसल्या बसल्या दुसरं ध्यानात यायला लागलं. शहात्तर वर्षांचा माणूस, गुडघे धरलेले, दर अमावास्येला घर उठायच्या आत त्या गाडीखाली सरपटत शिरत होता. ज्या गाडीत तो कधी बसला नाही, त्या गाडीखाली. तिला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्हींचा तिला रागच आला.

येळवशीच्या आदल्या दिवशी भीमण्णाकडे जाऊन तिनं विचारलं, "रबराला तेल लागलं तर काय होतंय?"

"तेल? रबराला तेल म्हंजी इख की आक्का. फुगतंय, मऊ पडतंय, मंग लोखंड लोखंडाला घासतंय. कोण घातलं?"

"हाय एक जण. पर तुमी तीन डाव जुनं बुश हातानं काडलाव. एकदा तरी वास घेतलाव का? का बाईची गाडी म्हणून नाक बी बंद केलेलाव?"

भीमण्णा खाली मान घालून नवी बुशं शोधायला लागला. या खेपेला सांधा धुऊन, पुसून, कोरडा करून त्यानं ती बसवली आणि तिच्याकडून बोल्ट तपासून घेतले. गावात शिरताना कट्ट्यावर कुणी नव्हतं, म्हणून तो नवा गप्पपणा कुणी ऐकला नाही.

येळवशीच्या दिवशी घर पहाटेपासून जागं होतं. चुलीवर पालेभाज्या आणि डाळी-शेंगांची भज्जी रटरटत होती, बाजरीचे उंडे उकडून झाले होते, आंबिलीचं मडकं घोंगडीत गुंडाळून तयार होतं. उजाडायला लागलं तशी दानेश्वरी हात पुसत गोठ्याकडे गेली. खुंटीवर नळकं नव्हतं. गाडीच्या डाव्या बाजूनं भेगाळलेल्या टाचांचे दोन पाय बाहेर आलेले होते.

"अप्पा," ती म्हणाली. "भाईर या."

पाय हलले नाहीत.

"या म्हणायले मी. तेल लावू नका."

"झालंच बग," खालून आवाज आला. "बोटं बुडवलोय, डोळ्याला लावायचं तेवढं ऱ्हायलंय."

"त्या डोळ्याला हात लावलाव तर मी गाडी सुरू करीन."

मग मात्र अप्पा बाहेर आले. एका हातात नळकं, दुसऱ्या हाताची बोटं तेलानं काळी, धोतराला माती. चोरी सापडलेल्या माणसासारखे न दिसता, कामात अडथळा आणल्यासारखे तिच्याकडे बघत होते.

"अमावास्येला आखाला वंगण घातल्याबिगर मी पन्नास वर्षांत कदी गाडी जुपली न्हाई," ते म्हणाले. "आन तू तर रोज जातीस. लांब जातीस. सहा म्हैने झाले, लोकांच्या लेकी घेऊन जातीस, तवापास्नं हिला बी घालायलो. दोन म्हैन्यापास्नं तर ईबुती बी लावायलो, आवाज जाईना म्हणून."

"मंग सांगितलाव कामून न्हाई?"

"सांगायचं काय त्यात? बैलाला तेल चोळताना कुणी दवंडी देतंय काय?"

दानेश्वरीनं तीन दिवस मनात गोड शब्द जुळवून ठेवले होते. ते सगळे तिथंच गळाले. तिनं डॅशबोर्डातून कागदाची पुडी काढली आणि फुगलेलं बुश त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"हे तुमच्या तेलानं झालंय, अप्पा. लाकडाला तेल चालतं, लोखंडाला चालतं. हे रबर हाय. तेल पडलं की चार दिस गप्प ऱ्हातं आन मंग सडतं. तीन नव्या जोड्या खाल्ल्या तुमच्या वंगणानं. गाव मला हसलं. भावजी माझा हात खराब म्हणले आन तुमी तितंच बसलेलाव. गप्प."

अप्पांनी बुश बोटांत धरून दाबलं. त्याचा एक तुकडा सुटून खाली पडला.

"म्हंजी आवाज माझा," ते म्हणाले.

"तुमचा."

म्हातारा माणूस आहे, सासरा आहे, म्हणून तो शब्द तिनं मऊ केला नाही. पाच महिन्यांत तिच्याशीही कुणी मऊ बोललं नव्हतं.

अप्पांनी बुश गव्हाणीवर ठेवलं. मग त्यांनी नळक्यातलं तेल गोठ्याच्या कोपऱ्यात, मातीत, शेवटच्या थेंबापर्यंत ओतून टाकलं.

"आन एक सांगा," दानेश्वरी म्हणाली. आता सुरू झालंच होतं तर सगळंच विचारून टाकावं. "चार वर्षं झाली. फाट्यावर उभं ऱ्हाता, मी समोरून जाते, पर माझ्या गाडीत कदी बसलाव न्हाई. कामून?"

"तू कदी बसा म्हणलीस?"

दानेश्वरीला फाटा आठवला. खरंच होतं. सगळ्या गावाला ती 'बसा की' म्हणून हाक मारायची. फाट्यावर अप्पा दिसले की वेग वाढवायची, नकार ऐकायला नको म्हणून. आणि फाट्यावरचा म्हातारा दुसरीकडे बघायचा, सुनेला थांबायची बळजबरी नको म्हणून.

तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. चिटगुप्प्याचा माणूस आला होता.

महेशकुमारनं त्याला चहा पाजला, किल्ली दिली. तो माणूस गाडी घेऊन वेशीपर्यंत गेला, दोन ब्रेकर ओलांडले, मुद्दाम चाक मातीत उतरवून बघितलं आणि परत आला. "आवाज तर काहीच न्हाई," तो म्हणाला. "गाडी चोख हाय. घेतो मी."

"आवाज न्हाई, ऐकलाव न्हवं?" दानेश्वरी दिराला म्हणाली. "आवाज गेला तर ठेव, असं ठरलेलं. गाडी न्हाई इकायची."

"आज अमावास्या हाय," महेशकुमार म्हणाला. "अमावास्येला तर नेमीच गप्प ऱ्हाती. चार दिसानं परत बोंबलंल आन मंग कोण घेणार? आताच इकावी." त्यानं कागद पुढं केला. "अप्पा, हितं सही करा."

"ह्या खेपेला न्हाई यायचा आवाज," दानेश्वरी म्हणाली.

"कामून न्हाई यायचा? काय कारण होतं, ते तरी सांग."

कारण तिच्या जिभेवर होतं. एका वाक्यात ती मोकळी झाली असती. पण परक्या माणसासमोर म्हाताऱ्याला उघडं पाडून मोकळं व्हायचं तिला नव्हतं, आणि खोटं कारण सांगून दोष अंगावर घ्यायचाही नव्हता. तिनं हाताची घडी घातली आणि अप्पांकडे बघितलं. सांगायचं ते गोठ्यात सांगून झालं होतं. आता बोलायची पाळी तिची नव्हती.

महेशकुमारच्या ते लक्षात आलं नाही. "बगा," तो पाहुण्याला म्हणाला. "कारण बी म्हाईत न्हाई. हातच…"

"कारण मी हाय," अप्पा म्हणाले.

पार्वतम्मा चुलीपासून उठून दारात आल्या.

"दर अमावास्येला मी खाली शिरून वंगण घालायलो. बैलगाडीला घालत होतो तसं. त्यानं रबर सडलं. आवाज तिच्या हाताचा न्हवता, माझ्या हाताचा. तिनं हुडकून काडला, भीमण्णाला जमलं न्हाई ते." त्यांनी मुलाच्या हातातून कागद घेतला. "ज्याच्यामुळं आवाज हाय त्याला इकायचं ठरलंय न्हवं? मंग मला इक. काय पावणं, घेताव का? शहात्तर वर्षं चाललोय, दात न्हाईत, दिसाला दोन भाकरी लागतेत."

पाहुणा खो खो हसला. अप्पा हसले नाहीत. त्यांनी तेलानं काळी झालेली बोटं त्या कागदाला एकेक करून नीट पुसली आणि कागद महेशकुमारला परत दिला.

"येळवस हाय," ते पाहुण्याला म्हणाले. "भज्जी खाल्ल्याबिगर जायचं न्हाई. शेतात या."

सामान भरायला घेतलं. दानेश्वरीनं पुढचं दार उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अप्पा, बसा."

अप्पा बसले. आंबिलीचं मडकं मांडीवर घेतलं, पट्टा कसा लावायचा ते विचारलं, आणि तो लागल्यावर ओढून बघितला. मधल्या सीटवर पार्वतम्मा आणि थोरली जाऊ टोपल्या घेऊन चढल्या. पाहुणा मोटारसायकलवरून मागं यायला निघाला. महेशकुमार अंगणात उभाच होता. शेत तीन किलोमीटर होतं.

"भावजी, मागं बसा," दानेश्वरीनं आरशात बघत हाक मारली. "डाव्या अंगाला. आवाज आला तर सांगा."

कट्ट्यावर त्या सकाळी गर्दी होती. डोक्यावर मडकी, काखेत घोंगड्या, अर्धं गाव शेताला निघालेलं. गाडी पहिल्या ब्रेकरवरून गेली, दुसऱ्यावरून गेली, आणि ती अगदी अंगाजवळ येईपर्यंत कुणाला कळलंच नाही. त्या दिवशी कट्ट्याला मान वळवावी लागली.

दानेश्वरीनं गाडी बरोबर कट्ट्यासमोर उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?" महेशकुमारनं मागून विचारलं.

"काही न्हाई. तुमी सांगणार होतात न्हवं. सांगा."

तो इकडे तिकडे बघायला लागला. बायको टोपलीत बघत होती. पार्वतम्मा खिडकीबाहेर बघत होत्या. कट्ट्यावरची माणसं कान टवकारून जवळ आली. महेशकुमारनं घसा साफ केला.

"तिचा हात खराब न्हवता," तो पुटपुटला.

"ऐकू येईना की," अप्पा पुढून म्हणाले. मान त्यांनी वळवली नाही, मांडीवरचं मडकं दोन्ही हातांनी धरून ते समोर रस्त्याकडे बघत होते. "मोठ्यानं सांग."

महेशकुमारनं मोठ्यानं सांगितल्यावरच दानेश्वरीनं किल्ली फिरवली.